संघात गट काढला की संघ फुटतो का?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण पत्रकार मित्रांनी अर्धवट वाचून फोन करू नये, ही विनंती.

गेल्या रविवारी विश्रामगृहावर आपल्या तालुका पत्रकार संघाची बैठक झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, ‘आयत्या वेळी येणारे’ याच्या बरोब्बर आधीचा. गावोगावच्या वार्ताहरांनी अर्ज दिला होता : संघाच्या आतच आमचा एक वेगळा विभाग करा, त्याचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत घ्या. खाली सतरा सह्या. पाच-दहा मिनिटांत अर्ज बाजूला पडला. ‘आज वार्ताहरांचा गट, उद्या पोर्टलवाल्यांचा, परवा फोटोवाल्यांचा. गट आला की फूट आली,’ असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. माना हलल्या आणि पत्रकार दिनाच्या शाल-श्रीफळाचा हिशेब सुरू झाला.

मी त्या संघाचा सहसचिव. टेबलाच्या या बाजूला बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. म्हणून ही पोस्ट.

अर्जदार कोण, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. तुमच्या गावात विहिरीत बिबट्या पडला, पुलावरून ट्रॅक्टर वाहून गेला, ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, तर पहिला फोटो पाठवणारा तो माणूस. त्याला पगार नाही. दिवाळी पुरवणीला जाहिराती आणल्या तर कमिशन मिळतं. अधिस्वीकृती त्याच्या नशिबी बहुधा नसतेच. आमच्या संघाच्या घटनेत तो ‘सहयोगी सदस्य’ आहे. वर्गणी पूर्ण, मत नाही.

हा ‘सहयोगी सदस्य’ शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. त्याच आठवड्यात भाची घरी आली. ती मानसशास्त्रात एम.ए. करते. तिच्या अभ्यासाच्या पुस्तकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा इतिहास होता, सहज चाळायला घेतला आणि झोप उडाली. आमचा अर्ज तिकडे शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. मग मिळेल ते वाचत गेलो.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन १८९२ साली सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ली हॉल नावाच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला, तेच पहिले अध्यक्ष झाले. सुरुवातीचे सदस्य ३१. बहुतेक सगळे प्राध्यापक. वर्षातून एकदा जमायचं, निबंध वाचायचे, घरी जायचं. मानसशास्त्र हे भौतिकशास्त्रासारखंच पक्कं शास्त्र आहे, हे जगाला पटवायचं हाच तेव्हाचा ध्यास होता. त्यात वाईट काही नव्हतं. नव्या विषयाला मान मिळवायचा तर कडक राहावं लागतं.

पण विषय प्रयोगशाळेत थांबला नाही. १८९६ मध्ये लाइटनर विटमर यांनी फिलाडेल्फियात विद्यापीठाच्या आवारातच एक दवाखाना उघडला. पहिल्या काही पोरांमध्ये एक मुलगा होता, ज्याला स्पेलिंग काही केल्या जमत नव्हतं. त्याच्या बाईंनीच त्याला आणलं होतं. पुढच्या वीस वर्षांत शाळा, न्यायालयं, मनोरुग्णालयं अशा ठिकाणी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेणारी माणसं कामाला लागली. त्यांत बायका पुष्कळ होत्या, कारण विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा सहजी मिळत नव्हती. आणि या चाचण्या हौस-मौज नव्हत्या. चाचणी घेणाऱ्याच्या शेऱ्यावर एखादं पोर ‘मंदबुद्धी’ ठरून कायमचं संस्थेत जाऊ शकत होतं. तरी ती कोणी घ्यावी याला नियम नव्हता. चार दिवस शिकलेला माणूसही घेई.

लीटा हॉलिंगवर्थ हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. नेब्रास्कातली शाळाशिक्षिका. लग्न होऊन न्यूयॉर्कला आली, तर तिथं विवाहित बाईला शिक्षिकेची नोकरी देत नव्हते. मग ती शिकली, चाचण्या घेण्याच्या कामाला लागली आणि १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट झाली. मासिक पाळीच्या दिवसांत बाईची कामाची कुवत घटते, हा त्या काळी शास्त्र म्हणून खपणारा समज तिनं मोजमाप करून खोटा ठरवला होता. अशा बाईला ‘थांबा, बघू’ म्हणून गप्प बसवणं अवघड.

डिसेंबर १९१७. पिट्सबर्गला संघटनेचं अधिवेशन भरलेलं, पंचविसावं वर्ष, एकीकडे महायुद्ध. त्या अधिवेशनातच हॉलिंगवर्थ, वॉलेस वॉलिन आणि आणखी काही जणांनी जमून दवाखान्यात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची वेगळी संघटना जाहीर केली. मागणी साधी होती. चाचणी कोणी घ्यावी याचे निकष ठरवा. ज्येष्ठांनी काय म्हटलं असेल? फूट! त्याच आठवड्यात त्यावर वादंग झाला.

इथं ज्येष्ठांनी शहाणपणा केला, पण अर्धाच. बोलणी झाली आणि १९१९ मध्ये वेगळी संघटना आत ओढून घेतली. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी विभाग’ असं नाव मिळालं. मूळ संघटनेतला हा पहिला विभाग. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

विभागाच्या हातात काय दिलं? जवळपास काही नाही. पात्रतेचं प्रमाणपत्र देण्याची योजना निघाली, तीत जेमतेम पंचवीसेक जणांना प्रमाणपत्र मिळालं आणि १९२७ मध्ये तीही गुंडाळली गेली. प्राध्यापक मंडळींना आपली संघटना शास्त्राची ठेवायची होती, धंद्याची परवाने-कचेरी करायची नव्हती. विभागाला नाव होतं, बैठक होती, निबंध वाचायला वेळ होता. निर्णय मात्र दुसऱ्या खोलीत होत होते.

त्यात १९२६ ची गोष्ट. पूर्ण सदस्य व्हायचं तर डॉक्टरेटनंतरचं छापील संशोधन हवं, असा नियम होता. शाळेत रोज वीस पोरं तपासणारी बाई निबंध कधी छापणार? मग अशांसाठी नवा वर्ग काढला. नाव काय माहीत आहे? असोसिएट. म्हणजे आपला सहयोगी सदस्य! वर्गणी भरा, अधिवेशनाला या, मत देऊ नका. १९४० साली पूर्ण सदस्य होते ६६४ आणि असोसिएट २,०७९. एकाला तीन. ज्यांच्या पैशावर संघटना चालत होती त्यांनाच आवाज नव्हता.

मी आमच्या संघाचं रजिस्टर काढून बघितलं. आकडे इथं टाकत नाही, बैठकीत सांगेन. पण प्रमाण वाचून कोणाला हसू येणार नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. १९३६ मध्ये मंदीनं बेकार झालेल्या, समाजाच्या प्रश्नांवर बोला म्हणणाऱ्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. आणि १९३७ मध्ये मोठा धक्का बसला. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी अमेरिकन असोसिएशन फॉर अप्लाइड सायकॉलॉजी नावाची वेगळी संघटना स्थापन केली. १९१९ चा तो क्लिनिकल विभाग? त्यानं स्वतःला विसर्जित केलं आणि उठून नव्या संघटनेत गेला. नव्या संघटनेनं पहिल्यापासूनच आपल्या आत विभाग पाडले होते : दवाखान्यातले, सल्लागार, शिक्षणातले, उद्योगातले. प्रत्येकाचं काम वेगळं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, बघा, गट दिला आणि शेवटी फुटलेच ना. मलाही आधी तसंच वाटलं. पण तारखा बघा. गट मिळाल्यावर ही माणसं अठरा वर्षं थांबली. ज्याला फुटायचंच असतं तो अठरा वर्षं निबंध वाचत बसत नाही.

दुसरं महायुद्ध आलं आणि सरकारला मानसशास्त्रज्ञ हवे झाले. सैनिकांची निवड, प्रशिक्षण, जखमींचं मन. सरकारनं विचारलं, बोलायचं कोणाशी? समोर चार-पाच संघटना. तेव्हा रॉबर्ट यर्कीज पुढे आले. हे गृहस्थ गंमतीचे. १९१७ साली संघटनेचे अध्यक्ष तेच होते, पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांच्या चाचण्यांचं कामही त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं. म्हणजे पिट्सबर्गचा वादंग त्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीतून पाहिलेला. पंचवीस वर्षांनी तोच माणूस सगळ्यांना एका छपराखाली आणायला निघाला.

१९४३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला वेगवेगळ्या संघटनांचे प्रतिनिधी घटना लिहायला बसले. अध्यक्षस्थानी एडविन बोरिंग, हार्वर्डचे, प्रयोगशाळेचे कट्टर अभिमानी. यात बायकांचीही एक संघटना होती. ती १९४१ मध्ये निघाली होती, कारण युद्धकामाच्या समित्यांवर सगळे पुरुष नेमले गेले आणि बायकांना सांगितलं गेलं, जरा धीर धरा.

या मंडळींनी जी घटना तयार केली तिचा गाभा दोन ओळींत सांगता येतो. संघटनेच्या आत विभाग असतील. आणि प्रत्येक विभाग आपले प्रतिनिधी निवडून मध्यवर्ती परिषदेवर पाठवेल, जिथं पैसा आणि धोरण ठरतं. १९१९ च्या विभागात आणि या विभागात फरक एवढाच, पण तोच सगळा फरक. घटनेतला उद्देशही बदलला. आधी फक्त शास्त्राची प्रगती होती. आता शास्त्र, व्यवसाय आणि लोककल्याण असे तीन शब्द शेजारी शेजारी बसले. फुटून गेलेली संघटना परत आली. तिचे शेवटचे अध्यक्ष कार्ल रॉजर्स. वर्ष-दोन वर्षांत ते एकत्रित संघटनेचे अध्यक्ष झाले. फुटीर म्हणून कोणी त्यांना दारात उभं केलं नाही.

१९४५ मध्ये नवी घटना लागू झाली तेव्हा विभागांची यादी १९ पर्यंत होती. त्यातले दोन क्रमांक रिकामेच राहिले. चार नंबर ज्या संख्याशास्त्रवाल्यांसाठी ठेवला होता त्यांनी यायचं नाही असं ठरवलं, अकरा नंबरवाले बारामध्ये मिसळले. ते दोन क्रमांक आजही रिकामे आहेत. कोणी पुसले नाहीत, कोणाला दिले नाहीत. मला हे फार आवडलं. न आलेल्या पाहुण्याचं ताट मांडून ठेवल्यासारखं.

आणि नवा विभाग काढायचा नियम? एकूण सदस्यांपैकी एक टक्का लोकांनी सह्या करून अर्ज द्यायचा, मग परिषदेनं मतदान करून मान्यता द्यायची. कोणाच्या मर्जीवर नाही, ‘वातावरण’ बघून नाही. आमच्या संघाला एक टक्क्याचा नियम लावला तर एक अख्खा माणूससुद्धा भरत नाही. इथं तर सतरा सह्या होत्या.

१९४५ मध्ये संघटनेत ४,१८३ सदस्य होते. १९७० मध्ये ३०,८३९. ही वाढ नुसत्या विभागांमुळे झाली असं मी म्हणणार नाही. युद्धानंतर माजी सैनिकांच्या रुग्णालयांना मानसशास्त्रज्ञ हवे होते, सरकारी पैसा आला, विद्यापीठं वाढली. पण एवढी निरनिराळ्या कामाची माणसं एका संघटनेत मावली ती विभाग होते म्हणून.

सगळं गोड झालं का? नाही. बायकांच्या त्या संघटनेनं पुढे विभागाचा दर्जा मागितला, तो मिळाला नाही. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली आणि ती आजही स्वतंत्रच आहे. १९६९ मध्ये महिलांची आणखी एक संघटना बाहेर निघाली. त्यानंतर कुठे १९७३ मध्ये ‘स्त्रियांचं मानसशास्त्र’ हा ३५ क्रमांकाचा विभाग झाला. ‘जरा धीर धरा’ पासून मोजलं तर ३२ वर्षं.

आणि १९८८ ची फूट मी लपवणार नाही, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. तोवर चाक उलटं फिरलं होतं. दवाखानेवाले बहुसंख्य झाले, विम्याचे आणि परवान्याचे प्रश्न संघटनेवर स्वार झाले. संशोधक म्हणू लागले की आमचं कोणी ऐकत नाही. संघटनेची रचना बदलण्याचा एक आराखडा मतदानाला टाकला गेला, तो १९८८ मध्ये पडला आणि संशोधकांनी वेगळी संस्था काढली. विभाग होते, प्रतिनिधी होते, तरी फूट झाली. मग? मला वाटतं, प्रतिनिधी असला तरी डोकी मोजूनच प्रत्येक गोष्ट ठरायला लागली की लहान गटाला तो प्रतिनिधी शोभेचा वाटू लागतो. १९२६ मध्ये संशोधकांनी दुसऱ्यांना मत दिलं नाही, १९८८ मध्ये त्यांचं मत मोजून हरवलं गेलं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. एवढं खरं, की नंतरही बरेच जण दोन्ही संस्थांची वर्गणी भरत राहिले.

‘हे अमेरिकेचं झालं, इथलं बोला,’ असं कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. तर मग आपल्याच धंद्यातलं, आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या.

मुंबईत बॉम्बे युनियन ऑफ जर्नलिस्ट्समध्ये ऐंशीच्या दशकात महिला आणि माध्यमं या विषयाची एक समिती होती. युनियनच्या आतली, सदस्यांचीच. ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानातल्या देवराळा गावात रूपकंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळून मेली. बातम्या काय आल्या आठवतंय? परंपरा, श्रद्धा, चुनरी महोत्सव, लाखोंची गर्दी. एका हिंदी दैनिकाच्या अग्रलेखानं तर सतीप्रथेची बाजू घेतल्यावरून गदारोळ झाला. त्या मुलीचं काय झालं हे विचारायला फार थोडे गेले. या समितीतर्फे महिला पत्रकार देवराळ्याला गेल्या, गावात फिरल्या, लोकांशी बोलल्या. ती स्वखुशीनं गेली नव्हती, असं गावातलेच लोक नाव न सांगता बोलत होते, हे त्यांनी अहवालात मांडलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी कशी हाताळली याचाही हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे आपल्याच धंद्याची झाडाझडती. तो अहवाल युनियनच्या नावानं निघाला आणि सतीवर अभ्यास करणारे आजही त्याचा दाखला देतात.

समिती नसती तर त्या पत्रकार गेल्याच नसत्या असं नाही. पण एकेकटी गेली असती तर ती तिच्या पेपरची बातमीदार म्हणून गेली असती, संपादकाला वाटेल तेवढंच छापून आलं असतं. युनियनला यात तोटा काय झाला? मला तरी दिसत नाही.

आता आपल्याकडे. ज्येष्ठांची भीती मी धुडकावत नाही. आपल्याकडे गट म्हटलं की निवडणूक आठवते. गटाच्या नावाखाली कोणाचा तरी पुढारी शिरेल, जातीचे गट पडतील, माइकवर स्टिकर लावून ग्रामसेवकाकडे पाकीट मागणारे दोन-चार जण पोर्टलच्या गटात येतील, ही भीती खरी आहे. अशी माणसं मीही पाहिली आहेत. त्यावर उपाय म्हणजे गट कामावरून पाडायचे. कोणत्या पेपरचा, कोणत्या साहेबांचा हे बघायचं नाही. खेड्यातून बातमी पाठवणारा हा कामाचा गट आहे. महिला पत्रकार हा गट झाला पाहिजे. आपल्या तालुक्यात त्या तीनच आहेत आणि तिघींपैकी एकही त्या बैठकीला नव्हती. का नव्हती हे आपण कधी विचारलं? बैठक संध्याकाळी सातला, विश्रामगृहावर, आणि नंतर जेवण कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि एकीचं म्हणाल तर गेल्या पावसाळ्यात आपला एक वार्ताहर वाळूच्या बातमीवरून मार खाऊन ग्रामीण रुग्णालयात पडला होता. संघाचं निवेदन तहसीलदारांकडे गेलं नवव्या दिवशी, कारण तो ‘सहयोगी’ आहे, पूर्ण सदस्य नाही, यावर आपण चर्चा करत होतो. ते निवेदन मीच टाइप केलं होतं. पहिल्या दिवशी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून अर्ज पुन्हा देतोय. या वेळी मजकुरात तीन गोष्टी स्पष्ट घातल्या आहेत. विभागाला कार्यकारिणीत एक जागा, तीही मतासह. सहयोगी सदस्याला तीन वर्षांनंतर आपोआप मताचा हक्क. आणि विभागानं गोळा केलेल्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा विभागाकडेच, कारण अपघात विमा हा त्यांचा पहिला विषय आहे आणि त्याला पैसे लागतात. अठरावी सही माझी आहे. त्यामुळे सहसचिवपद गेलं तर जाऊ द्या, रजिस्टर नीट लावून ठेवलं आहे.

बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला. जागा बदलून घेतली आहे, नगर वाचनालयाचा वरचा हॉल. अर्जाची प्रत बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवली आहे. सही करायची त्यांनी करावी, नसेल करायची त्यांनी निदान वाचून यावं.